डॉ. रखमाबाई : एका नकाराची कहाणी

वर्धापनदिनाच्या अंकात एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे, ही रीत जुनी आणि चांगली आहे. आपला जिल्हा तर जिजाऊंचा. सिंदखेडराजाचे नाव घेतल्यावाचून आपल्याकडे कोणतेही शुभकार्य सुरू होत नाही. अहिल्याबाई आणि सावित्रीबाई यांची चरित्रेही आपणांस मुखोद्गत आहेत. आज जिची ओळख करून द्यावयाची, तिने राज्य केले नाही की रण गाजविले नाही. ती एका कोर्टात उभी राहिली, मनाविरुद्ध झालेले लग्न आपणांस मान्य नाही एवढेच तिने सांगितले, आणि त्यासाठी तुरुंगात जावे लागले तरी चालेल असे ठरविले. त्या स्त्रीचे नाव डॉ. रखमाबाई. पुष्कळजण त्यांना रखमाबाई राऊत म्हणतात. त्या स्वतः मात्र आयुष्यभर नुसते रखमाबाई एवढेच नाव लावीत आल्या.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. ज्यांच्या नावाने आपल्या गावी आश्रम उभा आहे, ते स्वामी विवेकानंद त्यांच्याहून अवघे पावणेदोन वर्षांनी वडील. म्हणजे काळ कोणता, हे आपल्या ध्यानात येईल. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग व आईचे जयंतीबाई. घराणे सुतार समाजातले. मुलगी अडीच वर्षांची असतानाच वडील वारले. जयंतीबाई तेव्हा अगदी तरुण होत्या. सुतार समाजात विधवेचा पुनर्विवाह निषिद्ध नव्हता. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी दुसरा विवाह केला. त्यापूर्वी त्यांनी एक दूरदृष्टीची गोष्ट केली. पहिल्या पतीकडून आलेली मिळकत त्यांनी आपल्या लहानग्या मुलीच्या नावे करून दिली. ही मिळकत पुढे रखमाबाईंच्या आयुष्यात आधारही ठरली आणि कलहाचे मूळही ठरली.

डॉ. सखाराम अर्जुन हे साधेसुधे गृहस्थ नव्हते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवीत, वनस्पतिशास्त्राचे जाणकार म्हणून त्यांचा लौकिक होता, आणि १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत ते होते. सावत्र बाप हा शब्द आपल्याकडे सहसा चांगल्या अर्थाने उच्चारला जात नाही. पण या सावत्र पित्याने रखमाबाईंना पोटच्या लेकीप्रमाणे वागविले, इतकेच नव्हे तर प्रसंगी समाजाशी वैर पत्करून तो तिच्या पाठीशी उभा राहिला.

तथापि सुधारकाच्या घरातही रूढीचा अंमल चालतच होता. रखमाबाई अकरा वर्षांच्या झाल्या तेव्हा त्यांचे लग्न लावून देण्यात आले. वर होता दादाजी भिकाजी, वय एकोणीस, सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला एक गरीब मुलगा. त्याने घरजावई म्हणून राहावे, शिकावे, चांगला माणूस व्हावे, असे ठरले होते. लग्नामुळे मुलीची शाळा सुटली. तिला शिकण्याची विलक्षण ओढ होती, परंतु अकरा वर्षांच्या सुनेला शाळा कुठली!

लग्नानंतर काही महिन्यांतच मुलगी वयात आली. त्या काळच्या चालीप्रमाणे गर्भाधानाचा विधी उरकून तिने नांदावयास लागावे, अशी सर्वांची अपेक्षा. सखाराम अर्जुन पडले डॉक्टर. कोवळ्या वयात मातृत्व आले की मुलीच्या शरीराचे काय होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी साफ नकार दिला. दादाजींस हे रुचले नाही. विशीत शाळेत जाऊन बसणेही त्यांना जड जात होते. पुढे आई वारल्यावर ते आपल्या मामाकडे, नारायण धुर्माजी यांच्याकडे, राहावयास गेले. तेथे अभ्यास सुटला, कर्ज झाले, प्रकृतीही ढासळली, असे रखमाबाईंच्या बाजूने पुढे मांडण्यात आले. मामाच्या घरचे वातावरणही कुलीन मुलीने राहावे असे नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. पत्नीने तेथे नांदावयास यावे, असा निरोप आला. रखमाबाईंनी जाण्याचे नाकारले.

या मधल्या वर्षांत माहेरी बसून रखमाबाईंनी काय केले, ते आपल्या मुलींनी जरूर ऐकावे. शाळा नव्हती, शिक्षक नव्हता. मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणून त्या घरीच वाचीत आणि इंग्रजी शिकत. सखाराम अर्जुन यांच्याकडे सुधारक मंडळींची ये-जा असे. प्रार्थना समाजाच्या सभांना आणि आर्य महिला समाजाच्या बैठकींना रखमाबाई जात. वाचनाने व विचाराने ही मुलगी हळूहळू अशी घडली की, आपले लग्न आपणांस न विचारता झाले आहे आणि म्हणून ते आपणांस बांधील नाही, हा विचार तिच्या मनात पक्का बसला. तो विचार त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्नीला पाठविण्याची मागणी केली. नकार मिळताच त्यांनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. हा दावा कसला, हे समजून घ्यावयास हवे. इंग्रजी कायद्यात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा म्हणून एक प्रकार होता. आपल्या भाषेत त्याला नांदावयास पाठविण्याचा दावा म्हणता येईल. नवरा किंवा बायको कारणाशिवाय वेगळे राहिले, तर कोर्टाने त्यांस परत एकत्र राहण्याचा हुकूम करावा, असा त्याचा अर्थ. त्या वेळच्या दिवाणी कायद्यात असा हुकूम मोडणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत तुरुंगात टाकण्याची किंवा त्याची मिळकत जप्त करण्याची सोय होती. दुसऱ्याची वस्तू दाबून ठेवणाऱ्या माणसाला कोर्ट जसे वागवील, तसेच नांदावयास न जाणाऱ्या बायकोला वागविले जाणार होते.

दाव्याचे काम चालू होण्याआधीच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. रखमाबाईंचा सर्वांत मोठा आधार गेला. एखादी मुलगी अशा वेळी खचून तडजोडीस तयार झाली असती. रखमाबाईंनी उलट लेखणी हाती घेतली. जून १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाच्या चालीवर एक पत्र छापून आले. खाली नाव होते फक्त एक हिंदू स्त्री. सप्टेंबरमध्ये सक्तीच्या वैधव्यावर दुसरे पत्र आले. मुलीचे शिक्षण ऐन बहरात कसे तोडले जाते, पुरुष लग्नानंतरही शिकतो, वाढतो, आणि स्त्रीचे मात्र आयुष्य अकराव्या वर्षीच कसे बंद होते, हे तिने स्वच्छ इंग्रजीत मांडले होते. ही पत्रे कोणाची, यावर मुंबईत तर्क चालले. ती हिंदू स्त्री म्हणजे रखमाबाईच, हे पुढे उघड झाले.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला. तो रखमाबाईंच्या बाजूने लागला. रखमाबाईंकडील वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे होते. हेच तेलंग पुढे स्वतः हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. पिन्हेसाहेबांचा विचार थोडक्यात असा होता. पुनःस्थापना याचा अर्थ जे एकदा होते ते परत आणणे. हे दोघे तर कधी एकत्र राहिलेच नव्हते, मग परत आणावयाचे काय? शिवाय हा दावा मूळचा इंग्रजी कायद्यातला, जेथे दोन जाणती माणसे आपल्या राजीखुशीने लग्न करतात तेथला. हिंदू धर्मशास्त्रात बायकोला सरकारी बळाने नवऱ्याच्या घरी नेऊन पोचविण्याचा आधार त्यांना सापडला नाही. खुद्द इंग्लंडात त्यापूर्वी एकच वर्ष, १८८४ साली, या कारणासाठी तुरुंगात टाकण्याची शिक्षा रद्द झाली होती. असमंजस वयात जिचे लग्न लावले गेले त्या तरुणीला, तिच्या मनाविरुद्ध, तिला नकोशा झालेल्या पुरुषाच्या हवाली करणे त्यांना क्रूरपणाचे वाटले.

या निकालाने देशभर खळबळ उडाली. एका बाजूला बेहरामजी मलबारी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांसारखे सुधारक होते. मलबारींनी १८८४ सालीच बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविरुद्ध टिपणे प्रसिद्ध करून चळवळ आरंभिली होती. दुसऱ्या बाजूला, परक्या सरकारच्या कोर्टाने आमच्या धर्मात हात घालू नये, असे म्हणणारे होते. लोकमान्य टिळक हे त्यांच्यात होते, आणि केसरीतून त्यांनी रखमाबाईंच्या विरुद्ध भूमिका घेतली. लोकमान्यांविषयी आपणा सर्वांच्या मनात आदर आहे आणि तो तसाच राहील. परंतु या एका बाबतीत त्या एकवीस वर्षांच्या मुलीला जे दिसले, ते त्यांना दिसले नाही, हेही सत्य आहे. धर्म वाचवावयाचा तर आधी त्या धर्मातील लेकीबाळींचा जीव वाचविला पाहिजे, इतकी साधी ती गोष्ट होती.

येथे आपल्या बुलढाण्याची आठवण होणे साहजिक आहे. रखमाबाईंचा दावा कोर्टात येण्याच्या दोनच वर्षे आधी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे स्त्रीपुरुषतुलना हे पुस्तक पुण्यास छापले गेले. त्याचेही निमित्त कोर्टातलाच एक खटला होता. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला, जन्मलेल्या मुलाचा जीव घेतल्याबद्दल, १८८१ साली फाशीची शिक्षा झाली, आणि पुढे अपिलात ती कमी झाली. वर्तमानपत्रे त्या निमित्ताने सरसकट सगळ्या बायकांना दूषणे देऊ लागली, तेव्हा ताराबाईंनी उलट विचारले की, हेच अवगुण पुरुषांत नाहीत काय? विधवेला पुन्हा लग्न नाही, आणि तिला फसविणाऱ्या पुरुषाला शिक्षा नाही, हा न्याय कसला? ताराबाईंनी कागदावर जो प्रश्न विचारला, तोच रखमाबाईंनी भर कोर्टात विचारला. एक वऱ्हाडातली, एक मुंबईची. न्याय मागणाऱ्या या दोन स्त्रिया एकाच काळात झाल्या, आणि त्यांतली एक आपल्या जिल्ह्याची होती, याचा आपणांस अभिमान असावा.

दादाजींनी पिन्हे यांच्या निकालाविरुद्ध अपील केले. १८८६ साली मुख्य न्यायमूर्ती सर चार्ल्स सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी तो निकाल फिरविला. हिंदू कायद्याप्रमाणे विधी झाला की लग्न पुरे झाले, त्याला मुलीची संमती लागत नाही. पूर्वी एकत्र राहिले होते की नाही याने काही बिघडत नाही, म्हणून दावा चालू शकतो, असे त्यांनी ठरविले. प्रकरण पुन्हा खालच्या न्यायासनाकडे आले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, रखमाबाईंनी महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जावे, न गेल्यास कायद्याप्रमाणे कैद भोगावी लागेल.

रखमाबाईंनी आपले उत्तर कळविले. सासरी जाण्यापेक्षा कायद्यात असेल ती कमाल शिक्षा आपण भोगू. बावीस वर्षांची, प्रतिष्ठित घरातली, कधी कोणाला उलट बोलली नसेल अशी मुलगी चोर-दरोडेखोरांच्या कैदेत जावयास तयार झाली. त्या काळी घरंदाज बाईने कोर्टाची पायरी चढणे म्हणजेच बेअब्रू. तेथे तुरुंगाची तयारी म्हणजे काय असेल, याची कल्पना आपणच करावी.

दैवाची गती कशी विचित्र, पाहा. या हुकुमाच्या अवघ्या सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास डॉ. आनंदीबाई जोशी यांचे निधन झाले होते. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली ती पहिली महाराष्ट्रीय स्त्री, वयाच्या बाविसाव्या वर्षी, एकाही रोग्याची सेवा करण्याआधी गेली. सारा महाराष्ट्र हळहळत होता. नेमक्या त्याच आठवड्यात त्याच वयाच्या दुसऱ्या मुलीला तुरुंगाची वाट दाखविण्यात आली. आनंदीबाईंचे अपुरे राहिलेले काम हीच मुलगी पुढे पस्तीस वर्षे करणार आहे, हे त्या दिवशी कोणास ठाऊक होते?

हुकुमानंतर वाद आणखी पेटला. दादाजींच्या नावे एक पुस्तिका निघाली. मिळकतीच्या लोभाने माहेरच्यांनी मुलीला अडवून ठेवले, असा तिच्यात आरोप होता. रखमाबाईंनी जून १८८७ मध्ये बॉम्बे गॅझेट पत्रातून त्याला मुद्देसूद उत्तर दिले. लंडनच्या टाइम्समध्येही त्यांचे पत्र छापून आले, आणि एका हिंदू मुलीची दाद साता समुद्रांपलीकडे पोहोचली. मॅक्समुल्लरसारख्या पंडिताने त्यांची बाजू घेतली. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या. त्यांनीही १८८७ साली निघालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या खटल्याची हकीकत जगापुढे मांडली. मुंबईत रखमाबाईंच्या मदतीसाठी समिती झाली. सर्व देशाचे डोळे या एका मुलीकडे लागले, आणि तिला खरोखर तुरुंगात घालणे सोपे राहिले नाही.

विक्टोरिया राणीने हुकूम काढून रखमाबाईंचे लग्न मोडले, असे पुष्कळदा सांगितले जाते. गोष्ट ऐकावयास गोड आहे. वस्तुतः हे प्रकरण मिटले ते तडजोडीने. जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकूम बजावण्याचा हट्ट सोडला, आणि रखमाबाई तुरुंगातून वाचल्या. पुढल्याच वर्षी दादाजींनी दुसरे लग्न केले. पुरुषाला ती मुभा होती. रखमाबाईंना नव्हती. कोर्टाने त्यांचे लग्न रद्द केले नव्हते, फक्त त्यांना घरी ओढून नेणारा हात मागे घेतला गेला होता. नीट पाहिले तर त्या खटला हरल्या होत्या. पैसे मोजून त्यांनी आपली मोकळीक विकत घेतली होती.

पण हरलेल्या माणसाने पुढे काय करावे, हे रखमाबाईंपासून शिकावे. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची या इंग्रज बाईंनी त्यांना वैद्यकी शिकण्याचा सल्ला दिला. स्त्रियांना वैद्यकी शिकू द्यावी म्हणून ज्या सात स्त्रिया एडिंबरोच्या विद्यापीठाशी झगडल्या, त्यांतल्याच या एक. अनेकांनी पैशाचे साहाय्य केले, त्यांत इंदूरच्या होळकरांचेही नाव आहे. १८८९ साली रखमाबाई विलायतेस गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या. जिची शाळा अकराव्या वर्षी सुटली होती, ती पंचविसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी झाली. १८९४ साली त्यांचे शिक्षण पुरे झाले. ब्रसेल्स येथून त्यांनी एम. डी. ही पदवी मिळविली आणि त्या स्वदेशी परतल्या.

१८९५ च्या सुमारास त्या सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्याच्या प्रमुख झाल्या. जेथल्या कोर्टात विजयालक्ष्मीला फाशी सुनावली गेली होती, त्याच सुरतेत आता एक बाई डॉक्टर लेकीसुनांची बाळंतपणे करू लागली. पुरुष डॉक्टरापुढे नाडीसुद्धा दाखवावयाची नाही, अशा पडद्यातल्या बायका. सुईणीच्या हातात जे होईल ते होईल, असा प्रघात. अशा ठिकाणी रखमाबाईंनी सुमारे बावीस वर्षे काम केले. नंतर त्या राजकोटच्या स्त्रियांच्या इस्पितळात गेल्या व तेथेही दहा-बारा वर्षे त्यांनी सेवा केली. राजकोटास रेड क्रॉसची शाखा काढण्यात त्यांचा पुढाकार होता. कोर्टकचेरीचा, वर्तमानपत्रांच्या गोंगाटाचा मागमूसही त्या आयुष्यात राहिला नाही.

१९०४ साली दादाजी वारले. त्यानंतर रखमाबाईंनी विधवेचे पांढरे पातळ वापरण्यास सुरुवात केली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. ज्या लग्नाला त्यांनी आयुष्यभर मानले नाही, त्याचे वैधव्य त्यांनी का पत्करले असेल, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. माणसाच्या मनातल्या सगळ्याच गाठी वाचणाऱ्याला सुटत नाहीत. मात्र एवढे खरे की, ते पातळ त्यांनी स्वतःच्या मर्जीने नेसले. कोणाच्या हुकुमाने नव्हे.

नोकरी संपल्यावर त्या मुंबईस येऊन राहिल्या. १९२९ साली पडद्याची चाल मोडावी म्हणून त्यांनी एक पुस्तिका लिहिली. पासष्टी जवळ आली तरी लेखणी थांबली नव्हती. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वद वर्षांचे भरघोस आयुष्य जगून, त्यांनी देह ठेवला.

आता त्या खटल्याचे पुढे काय झाले, ते पाहू. कारण खरी कहाणी तेथेच आहे. कोर्टात हरलेली गोष्ट कायद्यात हळूहळू जिंकली गेली. रखमाबाईंच्या खटल्याने उठलेल्या वादळात, आणि बंगालमधील फुलमणी या सुमारे अकरा वर्षांच्या विवाहित मुलीच्या करुण मृत्यूनंतर, १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षे झाले. आज हे बारा वर्षे ऐकूनच आपल्या अंगावर काटा येतो. पण त्या काळी तेवढ्यासाठीही केवढा गदारोळ उठला होता! १९२३ साली दिवाणी कायद्यात दुरुस्ती होऊन नांदावयास न जाणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची शिक्षा रद्द झाली. ज्या शिक्षेला रखमाबाई सामोऱ्या गेल्या, ती अशी छत्तीस वर्षांनी कायद्यातून गेली. १९२९ साली शारदा कायदा आला आणि मुलीच्या लग्नाचे वय चौदा झाले. १९७८ साली ते अठरा झाले. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला व हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देशभर मिळाला. रखमाबाई तेव्हा हयात होत्या. त्यांच्या निधनाला अजून चार महिने होते.

यापुढचा टप्पा तर जणू त्यांच्याच नावाचा आहे. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात एक कलम घालण्यात आले. पंधरा वर्षांच्या आत जिचे लग्न लावले गेले, ती मुलगी पंधरा पुरी झाल्यावर व अठरा होण्यापूर्वी ते लग्न झुगारून देऊ शकते, आणि त्या कारणावर घटस्फोट मागू शकते. रखमाबाईंनी पिन्हेसाहेबांपुढे याहून निराळे काय मागितले होते? २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने, लहानपणी झालेले लग्न सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत कोर्टाकडून रद्द करून घेण्याचा हक्क मुलीला आणि मुलालाही दिला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, पत्नी अठरा वर्षांखालील असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कारच, मग लग्न झालेले असो वा नसो.

नांदावयास पाठविण्याचा दावा मात्र अजून पुरता गेलेला नाही. तो हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आहे, आणि आता नवरा व बायको दोघांनाही तो लावता येतो. १९८३ साली आंध्र प्रदेशच्या हायकोर्टाने हे कलम व्यक्तीच्या स्वातंत्र्याविरुद्ध आहे म्हणून रद्द ठरविले होते. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. ज्या इंग्लंडकडून हा दावा आपल्याकडे आला, तेथे तो १९७० सालच्या कायद्याने बंद झाला. म्हणजे रखमाबाईंनी उपस्थित केलेल्या प्रश्नावर न्यायासने आजही विचार करीत आहेत. शंभर वर्षांनंतरही दोन कोर्टांत तोच मतभेद व्हावा, यावरून तो प्रश्न किती खोल आहे ते कळते.

भगिनींनो, हे चरित्र वाचून रखमाबाई धन्य होत्या एवढे म्हणून पान उलटणे पुरेसे नाही. त्यांच्यापाशी काय होते, याचा विचार करा. मुलीचा नकार ऐकून घेणारा पिता होता. मिळकत मुलीच्या नावे करून देणारी आई होती. तेलंगांसारखे वकील होते, दोन हजार रुपये मोजण्याची ऐपत होती, मागे उभी राहणारी समिती होती. इतके सारे असूनही त्यांना चार वर्षे झगडावे लागले. आपल्या आसपासच्या एखाद्या शेतमजुराच्या किंवा ऊसतोडीला जाणाऱ्याच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीपाशी यातले काय असते? कायदा आज तिच्या बाजूला आहे. रखमाबाईंच्या बाजूला तो नव्हता. पण मेहकरच्या कोर्टापर्यंत ती एकटी कशी जाईल? कायद्याचे पुस्तक तिच्या घरापर्यंत चालत येत नाही. तेथे शेजारणीलाच जावे लागते.

म्हणून काही गोष्टी आपण सर्वांनी माहीत करून घ्याव्यात. आपल्या राज्यात खेडेगावी ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो व अंगणवाडी सेविका त्याला साहाय्य करते. १०९८ या क्रमांकावर फोन केला तर मुलांच्या मदतीची यंत्रणा हलते, आणि त्यास पैसे पडत नाहीत. लग्न ठरल्याची कुणकुण लागताच आईबापांना भेटून समजावणे हा तर सर्वांत सोपा आणि बहुतेक वेळा लागू पडणारा उपाय. घरची अडचण पुष्कळदा पैशाची नसून भीतीची असते. मुलगी वयात आली, आपण कामाला परगावी जाणार, मागे तिच्याकडे कोण पाहील, ही ती भीती. तिला मंडळातल्या चार बायकांचा भरवसा हेच उत्तर आहे. वह्या-पुस्तकांची तजवीज करावी, शाळेत ने-आण करण्यास सोबत द्यावी, आईबाप परगावी असताना मुलीला कोणाच्या तरी घरी आईच्या मायेने ठेवून घ्यावे. यासाठी वकील व्हावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येकीला आपल्या घरापासून करता येईल. कायद्याने वय पुरे झालेले असले तरी, मुलीचे लग्न ठरविताना सुपारी फुटण्याआधी तिला एकटीला जवळ बसवून विचारावे, आणि ती काय म्हणते ते मनापासून ऐकावे. तिचा होकार लाजेचा आहे की भीतीचा, हे आईला कळते. ती नाही म्हणाली, तर त्या नकाराचा मान राखावा. एका मुलीच्या नकाराला मान मिळावा म्हणून या देशाच्या कायद्याला जवळजवळ शंभर वर्षे लागली. आपल्या घरात त्याला एक संध्याकाळ पुरेल.